समुपदेशनाचा खर्च विम्याने द्यावा का?

सातारकर_ताई : धाकट्या भावासाठी साताऱ्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधताना मी सगळीकडे आधी विम्याचे विचारले आणि सगळीकडे एकच उत्तर मिळाले, ‘ॲडमिट नसेल तर क्लेम होत नाही, पावती देऊ.’ मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचे आहे. दर आठवड्याची सत्रे ज्या पॉलिसीत बसत नाहीत, ती हा कायदा पाळते हे मला मान्य नाही.

विमेकरी : ‘त्याच धर्तीवर’ हेच शब्द नीट वाचावेत. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आलात, तर त्या तपासणीची फीसुद्धा साधी पॉलिसी देत नाही. मग समुपदेशनालाच वेगळा न्याय का? ज्यांना गरज आहे त्यांनी ओपीडी कव्हर (दाखल न होता घेतलेल्या तपासणी-उपचारांचे संरक्षण) घ्यावे. मात्र त्याची वार्षिक मर्यादा किती आणि त्यात सायकॉलॉजिस्ट (बोलण्यातून उपचार करणारा) चालतो की फक्त सायकियाट्रिस्ट (औषधे देणारा डॉक्टर), हे कागदावर पाहावे, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. (मी स्वतः एजंट आहे.)

कऱ्हाडची_मास्तरीण : गुडघा हाताबाहेर गेला की शस्त्रक्रिया होते आणि तिचे पैसे मिळतात. नैराश्यात बहुतेकांचा मुख्य उपचार समोरासमोर बसून बोललेला तो तासच असतो, आणि रुग्णाला दाखल करण्याची वेळ येऊ नये म्हणूनच तो घ्यायचा असतो. नियम सारखा असला तरी झळ एकालाच बसते.

जुना_वाचक : तुम्ही सगळे विम्यावरच अडलात. मी एकदा घराजवळची ‘सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी पाहून आत गेलो आणि नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा भिंतीवरचे दोन दिवसांच्या कार्यशाळेचे लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र दाखवण्यात आले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तेव्हा ताई, आधी तो क्रमांक मागा. तोवर १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

सातारकर_ताई : क्रमांक मागितला, मिळाला आणि पडताळलाही, शुक्रवारची वेळ ठरली आहे. पण विमेकरी दादा, भावाने आता ओपीडी कव्हर घ्यायचे म्हटले, तर हाच आजार ‘आधीपासूनचा’ ठरून त्याला प्रतीक्षा कालावधी (ज्यात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) लागेल आणि तो ३ वर्षांपर्यंत असू शकतो. तोवरची सत्रे कोणाच्या खिशातून?