ग्लिरिसिडियाने भरलेली टेकडी: रहिवासी आणि वनखातं यांनी काम कसं वाटून घ्यावं?

टेकडीलगत: पुण्यात वनखात्याच्या टेकडीला लागून आमच्या पाच सोसायट्या आहेत. उतारावर जवळजवळ सगळा ग्लिरिसिडिया (हे परदेशी झाड), माथ्यावर मोकळं गवत. एक कंपनी ५०० रोपं द्यायला तयार आहे आणि जुलैत लावायचा विचार आहे. ग्लिरिसिडिया आधी तोडावा का? परवानगी कोणाची घ्यायची? नंतरची देखभाल खात्याने आणि आम्ही कशी वाटून घ्यावी?

वनरेषा: आधी सातबारा पाहा. टेकडी एकसंध दिसली तरी एक तुकडा वनखात्याचा, दुसरा पालिकेचा, तिसरा खासगी असू शकतो. वनजमिनीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे अर्ज करा. पालिका हद्दीतल्या इतर जमिनीवर झाडतोडीला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. झाड परदेशी आहे म्हणून आपोआप सूट मिळेल असं धरू नका.

खात्याशी किमान तीन वर्षांचा लेखी करार करा. त्यात पाणी कोण देणार, मेलेल्या रोपांच्या जागी नवी कोण लावणार, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) कोण काढणार, हे नावानिशी हवं. कोयता-कुऱ्हाडीचं काम वनरक्षकांच्या उपस्थितीतच. वारज्याचं स्मृतिवन वनखातं आणि नागरिकांच्या भागीदारीतूनच उभं राहिलं. २०२० मध्ये केंद्राने शहरांत वनं उभारण्याची नगरवन योजना जाहीर केली तेव्हा त्याचंच उदाहरण पुढे ठेवलं होतं.

धावडा: माथ्यावरच्या गवतात एकही खड्डा घेऊ नका, ही कळकळीची विनंती. ती ओसाड जागा नाही. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच घरटं करतात. तिथे झाडं लावली की त्यांची जागा जाते.

उतारावरचा ग्लिरिसिडिया एकदम साफ केला तर भरपूर ऊन येतं, टणटणी (घाणेरी) आणि उंच गवत माजतं आणि उन्हाळ्यात तेच पेटतं. म्हणून पहिल्या वर्षी साधारण तिसरा हिस्सा, तोही विखरून, घोट्याच्या उंचीवर कापा. खोडाला पुन्हा फुटवे येणारच. ते पावसाळ्यात दर महिन्याला हाताने मोडत राहावे लागतात. इथेच बहुतेक गट ढेपाळतात, म्हणून करारात हे काम वेगळं लिहा. शेंगा तडकण्याआधी, म्हणजे एप्रिलपूर्वी छाटणी केली तर नवं बी पडत नाही. टणटणी नुसती छाटू नका. जमिनीखाली तीन-चार सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटं ठेवा.

कापलेल्या मोकळ्या जागांत धावडा, मोई, सालई, मेडशिंग, काटेसावर, पळस, खैर. अर्जुन फक्त ओढ्याकाठी.

पाणीवाटप: ५०० हा आकडा पाण्यावर तपासा. २०० रोपांना दर आठवड्याला १० लिटर म्हटलं तरी २,००० लिटर. नोव्हेंबर ते मे सुमारे ३० आठवडे, म्हणजे ६०,००० लिटर. टँकर पायथ्यापर्यंतच येतो, वर टाकी नसेल तर कॅनने किती चढणार? पाण्याची सोय असेल तितकीच रोपं लावा.

खड्डे ४५ × ४५ × ४५ सेंमी, एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. रोपं तीन-चार फुटी, पिशवीत मुळं गुंडाळलेली नसलेली. पिशवी कापूनच काढा. वाळलं गवत बुंध्याभोवती पसरू नका, आग लागली तर तेच रोप जाळतं. त्याऐवजी ग्लिरिसिडियाचा ओला पाला टाका, तो लवकर कुजतो, आणि वर दगड रचा. प्रत्येक रोपाभोवती मीटरभर गवत काढलेलं हवं. मुख्य जाळरेषा डिसेंबर-जानेवारीतच हवी; गवताचं बी पडून गेलेलं असतं आणि वणव्याचे दिवस सुरू झालेले नसतात. क्रमांकाची पट्टी आधाराच्या काठीला बांधा, खोडाला खिळा नको. जगलेल्या रोपांची मोजणी ऑक्टोबरात आणि पुन्हा मेअखेर, वनरक्षकांसह. ऑक्टोबरची मोजणी एकटी फसवी असते, कारण रोपं मरतात ती उन्हाळ्यात.

टेकडीलगत: कंपनीच्या यादीत गुलमोहर, रेन ट्री आणि कांचन आहे. बदलून मागावं का?

धावडा: पहिली दोन्ही परदेशी आहेत, सरळ नाही म्हणा. कांचन चालेल, पण मोजका. देशी रोपं एक हंगाम आधी सांगून ठेवावी लागतात, ऐनवेळी मिळत नाहीत. खात्याच्या रोपवाटिकेत आत्ताच विचारा. कंपनीला सांगा की रोपं १५० पुरेत. उरलेल्या पैशांतून वरची टाकी, पाइप आणि दोन मजुरांची तीन उन्हाळ्यांची मजुरी द्या. नावाची पाटी हवी असेल तर ती टाकीवर लावता येईल.