मदत हवी आहे: इमेजमॅजिकने फोटो लहान करताना काही मोठे झाले, काही आडवे

रानवारा
एका फोल्डरात सुमारे ३,००० जेपीजी आहेत, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतले आणि फोनमधले. लांब बाजू जास्तीत जास्त १६०० पिक्सेल आणि क्वालिटी ८५ हवी आहे. लिनक्स, बॅश (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम), इमेजमॅजिक ७ (कमांडने फोटो बदलणारा प्रोग्रॅम). चालवलेली कमांड अशी (इथे देवनागरीत लिहिली आहे, × म्हणजे लहान एक्स):

मॅजिक मॉग्रिफाय -पाथ लहान -स्ट्रिप -रिसाइझ १६००×१६००> -क्वालिटी ८५ *.जेपीजी

८०० पिक्सेलचे फोटो फुगून १६०० चे झाले. फोनमधले उभे फोटो आडवे पडले. काहींचे रंग फिके दिसतात. "८५" नावाची फाइल उघडता येत नाही असा एरर आला आणि फोल्डरात "-क्वालिटी" नावाची शून्य बाइटची फाइल तयार झाली. > लावलं की फक्त मोठेच फोटो लहान होतात ना? मग हे कशामुळे?

टर्मिनलवाला
ती शून्य बाइटची फाइलच सगळं सांगते आहे. > हे चिन्ह इमेजमॅजिकपर्यंत पोचलंच नाही. बॅशने ते स्वतःसाठी घेतलं: "आउटपुट पुढच्या शब्दाच्या नावाच्या फाइलीत टाक". पुढचा शब्द होता -क्वालिटी, म्हणून त्या नावाची फाइल. मॉग्रिफाय (इमेजमॅजिकची तुम्ही चालवलेली कमांड) स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे एरवी स्क्रीनवर दिसणाऱ्या आउटपुटमध्ये, काही छापत नाही, म्हणून ती रिकामी. उरलेला ८५ हा फोटोच्या फाइलीचं नाव समजला गेला, म्हणून एरर. आणि नुसतं १६००×१६०० उरल्यावर लहान फोटो मोठे होणारच. क्वालिटीही ८५ लागलेली नाही. ती सांगितली नाही तर मूळ फाइलीच्या क्वालिटीचा अंदाज घेऊन तीच ठेवली जाते, आणि अंदाज घेता आला नाही तर ९२.

उपाय: '१६००×१६००>' असं एकेरी अवतरणात लिहा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये दुहेरी अवतरण लागतं, एकेरी चालत नाही.

तुमच्या बाबतीत पुढचा शब्द फाइलीचं नाव नव्हता, हे बरं झालं. > नंतर लगेच एखाद्या फोटोचं नाव असतं, तर प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच बॅशने तो फोटो शून्य बाइटचा केला असता. म्हणून मूळ फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवल्याशिवाय हे काम हातात घेऊ नका. -पाथ विसरलात तर मॉग्रिफाय मूळ फाइलीवरच लिहितो, आणि -पाथमधलं फोल्डर आधीपासून असावं लागतं.

ती फाइल पुसायला आरएम ./-क्वालिटी. ./ नसेल तर आरएम तिला ऑप्शन समजेल.

काजवा
आडव्या फोटोंचं कारण वेगळं आहे. फोन उभा धरला तरी पिक्सेल बहुधा आडवेच साठवले जातात आणि एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलीत लिहिलेली माहिती) ओरिएंटेशनचा, म्हणजे दिशेचा, आकडा लिहिला जातो. ६ म्हणजे दाखवताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा. ही जादा माहिती काढून टाकणाऱ्या -स्ट्रिपने तो आकडाच गेला. -रिसाइझच्या आधी -ऑटो-ओरिएंट लावा, मग पिक्सेलच फिरतात आणि आकड्याची गरज उरत नाही.

फिक्या रंगांमागेही -स्ट्रिपच आहे. ते एक्झिफबरोबर आयसीसी प्रोफाइलही (रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणारी माहिती) काढतं. डिस्प्ले पी३ किंवा अडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या रंगपद्धतींमधल्या फोटोचं प्रोफाइल गेलं की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी (वेबवरची नेहमीची रंगपद्धत) समजून दाखवतो. आधी रंग बदला, मग प्रोफाइल काढा. पूर्ण कमांड:

मॅजिक मॉग्रिफाय -पाथ लहान -ऑटो-ओरिएंट -प्रोफाइल एसआरजीबी.आयसीसी -रिसाइझ '१६००×१६००>' -स्ट्रिप -क्वालिटी ८५ '*.जेपीजी'

एसआरजीबी.आयसीसीच्या जागी तुमच्या मशीनवरच्या प्रोफाइल फाइलीचा पूर्ण पाथ द्या. *.जेपीजीसुद्धा मुद्दाम अवतरणात आहे. बॅशने हजारो नावं उलगडली तर कधीकधी "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग" येतं. अवतरण दिलं की इमेजमॅजिक स्वतः नावं शोधतो.

एक अडचण मात्र उरते. अडोबी आरजीबीवर ठेवलेले बरेच कॅमेरे आयसीसी प्रोफाइल जोडतच नाहीत, फक्त एक्झिफमध्ये नोंद करतात. अशा फाइलींची नावं सहसा अंडरस्कोअरने सुरू होतात. प्रोफाइल नसलेल्या फोटोवर -प्रोफाइल नुसता शिक्का मारतं, रंग बदलत नाही. त्या फाइली वेगळ्या काढून -प्रोफाइल दोनदा द्या: आधी अडोबी आरजीबीची फाइल, मग एसआरजीबीची.

रानवारा
रंग आणि दिशा दोन्ही ठीक झालं, मनापासून आभार! दोन गोष्टी राहिल्या. काही फोटो "लहान"मध्ये आलेच नाहीत, आणि वेळ फार लागतो. मशीनला ४ कोअर आणि ८ जीबी रॅम आहे.

टर्मिनलवाला
न आलेल्या फाइलींचं एक्स्टेन्शन मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) आहे का ते बघा. कॅमेरे बहुतेक तसंच लिहितात आणि लिनक्स दोन्ही वेगळे मानतो. फाइली शोधणारी फाइंड आणि ती नावं दुसऱ्या कमांडला पुरवणारी एक्सआर्ग्ज वापरली तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतात:

फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -आयनेम '*.जेपीजी' -प्रिंट० | एक्सआर्ग्ज -० -एन २० -पी ४ मॅजिक मॉग्रिफाय ...

ठिपक्यांच्या जागी वरचेच ऑप्शन, शेवटचं '*.जेपीजी' सोडून. पी इथे मोठ्या लिपीतला. एका वेळी ४ प्रक्रिया चालतात, प्रत्येकीला २० फाइली, आणि नावात स्पेस असली तरी अडत नाही. आधी एक्सपोर्ट मॅजिक_थ्रेड_लिमिट=१ करा (नाव सगळं मोठ्या लिपीत), नाहीतर प्रत्येक प्रक्रिया स्वतःचे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे भाग) काढते आणि चारही एकमेकींच्या आड येतात.

रॅमचा हिशोब: क्यू१६ एचडीआरआय या इमेजमॅजिकच्या नेहमीच्या बिल्डमध्ये प्रत्येक पिक्सेलच्या प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) ४ बाइट. २४ मेगापिक्सेल गुणिले ३ चॅनेल, म्हणजे एका फोटोला २८८ एमबी, शिवाय रिसाइझची तात्पुरती जागा. चार प्रक्रिया ८ जीबीत मावतात, आठ लावायच्या फंदात पडू नका.

मॉग्रिफायनंतर लगेच -डिफाइन जेपेग:साइझ=३२००×३२०० द्या. मग फाइल वाचतानाच जेपीजी लायब्ररी ती लहान करून देते. मोठ्या फोटोंना वेळ आणि रॅम दोन्ही कमी लागतात. हवा त्याच्या दुप्पट आकार दिला की तपशील टिकतो.

काजवा
झाल्यावर मॅजिक आयडेंटिफाय -फॉरमॅटमध्ये मोठ्या लिपीतला %क्यू देऊन क्वालिटी तपासा, ८५ यायला हवी. आणि आयएमजी_१.जेपीजी मोठ्या लिपीत आणि लहान लिपीत अशा दोन फाइली असतील, तर "लहान" फोल्डर विंडोजवर नेताना त्यातली एक दुसरीवर लिहिली जाईल. नेल्यावर दोन्हीकडची फाइलसंख्या जुळवा.