तेलातलं पाणी आणि जीवाणू
कच्च्या तेलात पाणी नसतं, मग जीवाणू जगतात कसे, असा प्रश्न पडणं अगदी योग्य आहे. पण तेलविहिरीतून सहसा नुसतं तेल येत नाही. त्यासोबत खारं पाणी येतं आणि त्याचे बारीक थेंब तेलात अडकून राहतात. कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या नैसर्गिक डांबर तलावातले असे थेंब संशोधकांनी तपासले, निष्कर्ष 2014 मध्ये आला. थेंब जेमतेम 1 ते 3 मायक्रोलिटरचे (मायक्रोलिटर म्हणजे लिटरचा दहा लाखावा भाग), आणि प्रत्येकात जीवाणूंची अख्खी वस्ती, तेल पचवणारी! मला हे अजूनही थक्क करतं.

समुद्रातल्या विहिरींची गोष्ट आणखी वेगळी. जमिनीखालच्या तेलसाठ्यातला दाब टिकवायला खाली समुद्राचं पाणी सोडतात. त्याच्या लिटरमागे सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं. सल्फेट (गंधक आणि ऑक्सिजनचं संयुग) ऑक्सिजनऐवजी श्वसनासाठी वापरणाऱ्या जीवाणूंना आपण आयता शिधाच पोचवतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, विषारी आणि लोखंड खाणारा. पाइपच्या तळाशी, जिथे पाणी साचतं, तिथे काळा बुळबुळीत थर धरतो. तो खरवडला की खाली धातूला खड्डे पडलेले दिसतात.

नुसती जीवाणूनाशकं ओतत राहणं मला पटत नाही, थराच्या आतले बरेच वाचतात. नॉर्वेच्या गुलफाक्स तेलक्षेत्रात 1999 पासून त्याऐवजी नायट्रेट (नायट्रोजन आणि ऑक्सिजनचं संयुग) सोडलं गेलं. त्यावर जगणारे जीवाणू वाढतात आणि सल्फेटवाल्यांना मागे रेटतात.

साठ्याचं तापमान साधारण 80 अंश सेल्सिअसच्या वर गेलं असेल, तर मात्र तिथल्या तेलाला साठ्यातल्या मूळच्या जीवाणूंचा उपद्रव सहसा झालेला नसतो.