मोनो की पॉली यापेक्षा तापमान बघा

सोलर पॅनेल घेताना ‘पॉली (अनेक स्फटिकांच्या सिलिकॉनचं) नको, मोनो (एकाच स्फटिकाच्या सिलिकॉनचं) घेतलं की काम झालं’ असं सांगितलं जातं. कमी जागेत जास्त वॅट बसतात एवढं मान्य, पण पॅनेलमागे छापलेले वॅट सेलचं, म्हणजे पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचं, तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. जळगावात मे महिन्याच्या दुपारी सेल ६५ च्या पुढे सहज जातो. म्हणून डेटाशीटमधला टेंपरेचर कोएफिशियंट आधी बघा, म्हणजे तापमान एक अंश वाढलं की वॅट किती टक्के घटतात तो आकडा. मोनोच्या पर्क या प्रकारात दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट, टॉपकॉन या मोनोच्याच नव्या प्रकारात ०.३० च्या आसपास. ४० अंशांच्या फरकाला १४ टक्के विरुद्ध १२. या दोन टक्क्यांसाठी किती जादा मोजायचे ते ज्याचं त्याने ठरवावं.

आमचं नुकसान मात्र भलतीकडेच होत होतं. चार वाजले की पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर यायची. बसवणारा म्हणाला, ‘एवढ्याशा सावलीने काय होतंय!’ पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली; एक अडलं की सगळ्यांवर परिणाम, त्यामुळे इन्व्हर्टरवरचा विजेचा आकडा धाडकन खाली. शेवटी ते पॅनेल टाकीपासून लांब सरकवून घेतलं. आणि हो, आठवड्याला एकदा पुसा, पण पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.