मदत हवी आहे: कोविडवरची वेबसाइट पारखायची कशी?

काकांनी कोविड लशीच्या ‘बळींचा’ आकडा देणारी वेबसाइट पाठवली आहे. दिसायला झकास, खाली संदर्भांची रांग. आकडा अमेरिकेच्या ‘व्हेअर्स’मधून, म्हणजे लशीनंतर झालेल्या त्रासाच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेतून उचललेला. तिथे कुणीही नोंद करू शकतं, आणि नुसती नोंद म्हणजे पुरावा नव्हे, एवढं मला कळतं. एक संदर्भ उघडला तर तो मेडआर्काइव्ह या छापण्याआधीच्या वैद्यकीय लेखांच्या वेबसाइटवरचा, तज्ज्ञांनी न तपासलेला. पण नावाजलेल्या नियतकालिकावर तरी डोळे मिटून विश्वास कसा ठेवायचा? ‘लॅन्सेट’मध्ये मे २०२० मध्ये छापलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाविषयीचा लेख जूनमध्ये मागे घेतला गेलाच ना! (घेतला हे बरंच झालं, पण काकांना कोण सांगणार?)

एखादा लेख मागे घेतलाय का, हे कुठे बघता? आणि ‘आमच्याविषयी’ पान कोरंच असेल तर वेबसाइटमागे कोण आहे, पैसा कुणाचा, हे कसं शोधता?