जुने पोर्ट भंगारात काढा म्हणणाऱ्यांना उत्तर

काटेवाला, हिंगणघाट
काल इथे एकानं लिहिलं, "नऊ पिना-पंचवीस पिनांचे कॉम्प्युटर भंगारात द्या, टाइप-सी घ्या, जग पुढे गेलं." वाचून डोकं फिरलं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या तोलतो, त्या काट्यावर येऊन बघा. वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरची केबल कॉम्प्युटरच्या कॉम पोर्टला, म्हणजे त्याच नऊ पिनांच्या जोडणीला, दोन्ही बाजूंनी स्क्रूनं आवळलेली आहे. भरलेला ट्रक चढला की खोली हादरते, केबल हलत नाही. त्या पोर्टचं आरएस-२३२ हे मानक १९६० चं, पण इंडिकेटर आजही त्यावरच बोलतो. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नव्हता, म्हणून यूएसबीत खोचायचा कन्व्हर्टर लावला. ऐन सीझनमध्ये पोर्टचा नंबर कॉम ३ चा कॉम ५ झाला, स्क्रीनवर वजन येईना, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग!

सेतूवाला, दर्यापूर
भाऊ, कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबीत खोचला की नंबर बदलतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंबर पक्का करून टाका. नकली चिपचा स्वस्त कन्व्हर्टर घेतला तर ड्रायव्हर दगा देणारच. माझ्याकडे ठशाचं मशीन, स्कॅनर, वेबकॅम, सगळं यूएसबीवर. पीएस-टूचा, म्हणजे जुन्या गोल पिनेचा, कीबोर्ड निघाला की कॉम्प्युटर बंद करून चालू करा, ते दिवस मला परत नकोत.

मास्तर, आर्वी
आमचा प्रोजेक्टर जुन्या व्हीजीए पोर्टचा, नवा लॅपटॉप फक्त नव्या एचडीएमआयचा. चिप बनवणाऱ्या इंटेल-एएमडीनं २०१० मध्येच सांगितलं होतं की २०१५ पर्यंत व्हीजीए काढणार. पण खेड्यातल्या शाळेला प्रोजेक्टर काय दरवर्षी मिळतो?

कास्तकार, घाटंजी
पोर्टचं राहू द्या. मले सांगा, काट्यावर आता थर्मलची, उष्णतेनं छापलेली, चिठ्ठी काहून देता? कापूस देला, चुकारा महिन्यानं. तवरीक चिठ्ठीवरची अक्षरं उडाली. वजनात फरक निघाला, तं दाखवू काय, कोरा कागद? पयले कार्बनची कॉपी भेटे.

सेतूवाला
काका, थर्मल कागद ऊन-उष्णतेत जातोच. पण कार्बन कॉपी काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबीवरही मिळतो. त्यात जुन्या पोर्टचा काय संबंध?

काटेवाला
संबंध आहे! काट्याचं सॉफ्टवेअर डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळातलं, ते सरळ एलपीटी-१ ला, म्हणजे पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टला, छापतं. यूएसबीचा प्रिंटर त्याला दिसत नाही. पोर्ट गेला की प्रिंटर गेला, सॉफ्टवेअर गेलं. मग मालक नव्या सॉफ्टवेअरसोबत स्वस्तातला थर्मल आणतो, आणि भोगतो कास्तकार.

कास्तकार
मंग मालकाले बोला ना! त्याची बचत आमच्या जिवावर काहून?

सेतूवाला
तेच म्हणतो. खर्च मालकाला नको आणि खापर यूएसबीवर!

काटेवाला
तुमचं सर्व्हर बंद पडलं की तुम्ही लोकांना "उद्या या" सांगता. माझ्याकडे उभ्या गाडीचं भाडं चढतं. खुर्चीत बसून शिकवू नका.

मास्तर
दोघंही जरा दमानं घ्या.

सेतूवाला
बरं, काट्यावर पोर्ट लागतो, मानलं. पण त्यासाठी जुना डबा कशाला? कितीतरी नव्या मदरबोर्डांवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डांवर, कॉमचं हेडर (जोडायच्या पिना) असतं, त्याला केबलची पट्टी लावली की नऊ पिना मागे येतात. नाहीतर आत खोचायचं पीसीआय-ई कार्ड टाका, त्यात पॅरलल, म्हणजे तुमचा एलपीटी, पोर्टही मिळतो.

काटेवाला
एवढं एक कामाचं बोललात. कार्डाचं बघतो. पण डॉसचं सॉफ्टवेअर त्यावर छापेल याची हमी तुम्ही घेणार का?

कास्तकार
कार्ड टाका नाहीतर काही करा. यंदा मले कार्बनची कॉपी पायजे, अन् तिच्यावर सही-शिक्का.