लॉनमोवरच्या इंजिनावर जुन्या धर्तीची सायकल: इंजिन कोणते घ्यावे?

सॅनहोजेकर: नमस्कार. 1910 च्या सुमारास लॉस एंजेलिसजवळ प्लाया डेल रे येथे लाकडी फळ्यांच्या गोल धावपट्टीवर शर्यती होत. त्यांतल्या सडपातळ गाड्यांसारखी दिसणारी इंजिनाची सायकल मला बांधायची आहे. सायकल तयार आहे आणि जुन्या लॉनमोवरचे (गवत कापायच्या यंत्राचे) उभ्या शाफ्टचे, म्हणजे ज्याचा फिरणारा दांडा खाली निघतो असे, इंजिनही गॅरेजमध्ये आहे. बाकी खर्च 400 डॉलरांत बसवायचा आहे. हेच इंजिन चालेल का?

फ्रेस्नोवाला: ते इंजिन आडवे करून बसवणार असाल, तर तो विचार सोडा. त्यातली तेल उडवण्याची रचना तळाशी साचलेल्या तेलावर चालते. इंजिन आडवे केले की तेल भलतीकडे जाते, बेअरिंगे कोरडी पडतात आणि कार्ब्युरेटरमधला पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोटही नीट काम करत नाही. सरळ आडव्या शाफ्टचे 212 सीसी इंजिन घ्या. माझ्याकडे तेच आहे आणि कोणत्याही चढावर ते कुरकुरत नाही. फ्रेमसह हजार डॉलर लागतील, पण वस्तू एकदाच घ्यावी.

डोंबिवलीहून_डेव्हिस: त्यांचे बजेट 400 आहे, हे आधी पाहावे. शिवाय कॅलिफोर्नियात मोटर लावलेली सायकल म्हणून नोंद हवी असेल, तर पेडल चालू असावे लागते, शक्ती 4 अश्वशक्तीहून कमी आणि सपाटीवरचा वेग ताशी 30 मैलांपर्यंतच असावा लागतो. 212 सीसीची इंजिने साडेसहा अश्वशक्तीची म्हणून विकली जातात. त्यापेक्षा 79 सीसीचे घ्या. त्याचा गव्हर्नर (वेग आपोआप मर्यादेत ठेवणारा भाग) इंजिनाला मिनिटाला 3600 फेऱ्यांवर रोखतो. 26 इंची चाकाला एकूण दहास एक गुणोत्तर दिले (इंजिनाच्या दहा फेऱ्यांना चाकाची एक), तर वेग ताशी 45 किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे मर्यादेच्या आत.

फ्रेस्नोवाला: गव्हर्नर काढला की खरी मजा येते.

डोंबिवलीहून_डेव्हिस: आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड किंवा फ्लायव्हील (इंजिनाची गती एकसारखी ठेवणारे चाक) तुटले की ते तुकडे दोन्ही गुडघ्यांच्या मध्येच उडतात. कृपया असा सल्ला देऊ नये.

कोथरूडचा_बापू: आमच्याकडे 1972 साली लुना आली, तीही 50 सीसीची आणि पेडलची. तिच्यावर आम्ही दोघे भाऊ सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जात असू. भारतात 25 सीसीच्या वर गेलात की नोंदणी लागते, हे इथल्या हौशी मंडळींनी लक्षात ठेवावे.

जुने_लोखंड: उभ्या शाफ्टचे इंजिन आडवे करू नका, तेल पोहोचत नाही. 1939 पासून विकल्या गेलेल्या व्हिझर या सायकलला लावायच्या इंजिनाला पुढे पट्टा आला, तसा पट्टाच वापरा. साखळीपेक्षा आवाज कमी.

ओकलंडची_मावशी: इंजिनाआधी ब्रेकचे बोला. माझ्या भाच्याच्या सायकलला फक्त उलटे पेडल मारून लागणारा ब्रेक होता. उतारावर पेडलची साखळी निसटली आणि ब्रेकच उरला नाही. हात मोडला. पुढे ड्रम किंवा डिस्क ब्रेक लावल्याशिवाय इंजिन सुरूसुद्धा करू नये. आणखी एक गोष्ट: लॉनमोवरचे फ्लायव्हील पुष्कळदा हलके असते, कारण खाली फिरणारे जड पातेही तेच काम करते. पाते काढले की दोरी उलटा झटका देते आणि मंद गतीला इंजिन अडखळते.

फ्रेस्नोवाला: म्हणूनच 212 घ्या म्हणतो.

सॅनहोजेकर: सर्वांचे मनापासून आभार. मी घरातले इंजिनच वापरणार आहे, मात्र ते उभेच ठेवून. शाफ्टवर पात्याच्या जागी जड ओतीव पुली बसवीन आणि दोन मार्गदर्शक पुल्यांवरून पट्टा काटकोनात वळवून मधल्या आडव्या शाफ्टवर आणीन. पट्टा ताणणारी पुली हाताच्या दांड्याने सैल करता येईल, त्यामुळे वेगळा क्लच लागणार नाही. सायकल रुंद दिसेल, हे मान्य आहे. मावशींचे म्हणणे पटले. बजेटमधून पहिली खरेदी पुढच्या ड्रम ब्रेकच्या चाकाची होईल.

फ्रेस्नोवाला: पट्टा काटकोनात वळवलात, तर तो महिनाभरही टिकणार नाही.